'अकागी'चा जोडणी संच : बाहेरून चोख, पोटातून रिकामा

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत चौतीस वर्षे पॅटर्न मिस्त्री, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणारा, म्हणून काम केल्यामुळे साच्यातून निघालेली कोणतीही वस्तू हातात आली की माझे बोट आधी तिच्या जोडरेषेवरून फिरते. तिचे कौतुक करायचे की नाही, हे त्यानंतर ठरते. त्यामुळे जपानी विमानवाहू नौका 'अकागी' हिच्या १/७०० प्रमाणातील प्लास्टिक संचाचे हे परीक्षण छंद म्हणून अशी जहाजे जोडणाऱ्या मंडळींना थोडे वेगळे वाटण्याची शक्यता आहे. पुण्यातील मुलाने, निवृत्तीनंतर बाबांच्या हातांना काहीतरी काम हवे म्हणून, हा संच ऑनलाइन मागवून टिळकवाडीच्या पत्त्यावर पाठवला. कुरियरसह चार हजार सातशे रुपये पडले. होळीनंतर काम सुरू केले आणि रोज संध्याकाळचे दोन तास देऊन मृगाच्या आधी ते संपवले. उत्पादक आणि विक्रेता या दोघांचीही नावे मी घेत नाही, कारण पुढे ज्या दोषाविषयी लिहिणार आहे तो नेमका कोणाच्या हातून घडला, याचा निवाडा मला करता आलेला नाही.

मूळ जहाज सुमारे २६० मीटर लांबीचे होते. त्यामुळे तयार प्रतिकृती सदतीस सेंटीमीटरांची, म्हणजे शाळकरी पट्टीपेक्षा जराशी मोठी, भरते. एवढ्या छोट्या वस्तूत साचा कोरणाऱ्याने जे काम केले आहे, ते पाहून मी पहिल्या दिवशी काहीही न जोडता नुसते भाग न्याहाळत बसलो. उड्डाणपट्टीच्या लाकडी फळ्यांच्या रेषा जहाजाच्या लांबीच्या दिशेने कोरलेल्या आहेत. अमेरिकी जहाजांवर त्या आडव्या असत, आणि हा फरक साचेकाराने चुकवलेला नाही. दोष काढायचाच तर काही विमानविरोधी तोफांच्या चौथऱ्यांखाली प्लास्टिक आखडून पडलेले बारीक खड्डे दिसतात, आणि साच्यातून भाग ढकलणाऱ्या खिळ्यांच्या गोल खुणा नको त्या ठिकाणी आलेल्या आहेत. पुट्टी भरून आणि बारीक पॉलिश पेपर मारून दोन्ही गोष्टी निस्तरता येतात. जोडरेषेवरचा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेला पातळ पापुद्रा, मात्र जवळजवळ नाहीच, आणि ज्याने आयुष्यभर ग्राइंडरवर फ्लॅश घासला आहे, त्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

संचातील सर्वांत सुंदर भाग धुराड्याचा आहे. अकागीचे मोठे धुराडे उजव्या कुशीतून बाहेर येऊन समुद्राकडे खाली वाकलेले होते, जेणेकरून उतरणाऱ्या वैमानिकांच्या वाटेत धूर येऊ नये. असा पोकळ, वाकडा आणि तोंडाशी पसरणारा आकार आमच्या धंद्यात कोअर, म्हणजे पोकळी राखणारा आतला साचा, बसवल्याशिवाय निघत नाही. येथे तो दोन अर्ध्या भागांत विभागून अशा ठिकाणी जोडला आहे की सांधा खालच्या बाजूला जातो आणि पाहणाऱ्याला दिसतच नाही. नियंत्रणाचा छोटा मनोरा डाव्या बाजूला आहे. अकागी आणि 'हिर्यू' या दोनच विमानवाहू नौकांवर तो डावीकडे होता; जगातील बाकीच्या नौकांवर मनोरा असलाच तर तो उजवीकडे असतो, म्हणून घरी येणारा जाणकार पाहुणा 'हे उलटे बसवले का?' असे विचारतो आणि आपल्याला सांगण्याची संधी मिळते. मनोऱ्याभोवती गोळ्यांच्या कपच्यांपासून बचावासाठी बांधलेल्या गुंडाळ्यांचाही साचा केलेला आहे. तो भाग तांदळाच्या दाण्याएवढा असूनही दोऱ्यांच्या आवळण्या त्यावर ओळखू येतात.

जोडणी करताना या जहाजाचा इतिहास बोटांना कळत जातो, आणि संचाचे खरे बळ तेच आहे. अकागी हे एका डोंगराचे नाव आहे. जपानी विमानवाहू नौकांना सहसा उडणाऱ्या प्राण्यांची नावे असत. हिर्यू म्हणजे उडता ड्रॅगन. हिचे नाव डोंगराचे राहिले, कारण ती मुळात जड तोफांची बॅटलक्रूझर म्हणून बांधायला घेतली होती आणि १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने तशी जहाजे बांधण्यावर बंधन आल्यावर तिच्या सांगाड्यावर विमानवाहू नौका उभारण्यात आली. १९२५ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १९२७ मध्ये नौदलात दाखल झाली. तेव्हा तिला एकावर एक अशा तीन उड्डाणपट्ट्या होत्या. १९३५ ते १९३८ या काळात ती फेरबांधणी करून एकाच लांब पट्टीची केली गेली. संचात खालचा भाग निमुळता, वेगवान लढाऊ जहाजाचा आणि वरचा भाग पेट्यांवर पेट्या ठेवल्यासारखा आहे. पुढची उड्डाणपट्टी तर नुसत्या खांबांवर तोललेली आहे. मागच्या बाजूला २० सेंटिमीटरच्या सहा तोफा आहेत. विमाने असताना तोफांनी लढण्याची वेळ येऊ नये, तरीही जुन्या विचारांची ती शिल्लक फेरबांधणीनंतरही जहाजावर राहिलीच. जुन्या लेथवर नवी मोटर बसवून काम रेटणाऱ्या आमच्या गावाला हा प्रकार समजायला जड जाऊ नये.

आता तक्रारीकडे वळतो. उड्डाणपट्टीच्या कडेला आडवे पाडता येणारे उंच रेडिओ खांब असत. त्यांच्या पानावरील, म्हणजे सुटे भाग एकत्र अडकवलेल्या चौकटीवरील, एक खांब डब्यात आलाच नव्हता. तुटून पडला असता तर पिशवीत सापडला असता, पण पिशवी सीलबंद होती. विक्रेत्याला छायाचित्रांसह तीन वेळा लिहिले. पहिल्या वेळी 'आपली तक्रार नोंदवली आहे' असे यांत्रिक उत्तर आले, त्यानंतर काहीच नाही. शेवटी शहापूरमधील एका सोनाराकडून वीतभर पितळी तार आणून, ती तापवून आणि सुईच्या जाडीची करून मी खांब स्वतः ओढला, आणि खरे सांगायचे तर तो बाकीच्या प्लास्टिकच्या खांबांपेक्षा सरळ झाला आहे. परंतु प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी पिन-व्हाइस (हाताने फिरवायचे बारीक ड्रिल) आणि कानस असणार नाही, म्हणून विकत घेताना डबा उघडून, माहितीपत्रकातील आकृतीशी प्रत्येक पान ताडून पाहावे.

रंगाच्या बाबतीत बेळगावकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॉडेलचे खास रंग येथे सहज मिळत नाहीत. मी खडेबाजारातील हार्डवेअरच्या दुकानातून साधा करडा इनॅमल आणि काळ्याचा छोटा डबा आणून, जपानी गोद्यांत वापरल्या जाणाऱ्या गडद करड्या छटेच्या जवळ जाईपर्यंत मिसळत गेलो. मे अखेरीस वळवाच्या पावसानंतर हवा दमट झाली आणि घाई करून मारलेल्या स्प्रेचा थर दुधी, पांढुरका पडला; तो सगळा खरडून पुन्हा मारावा लागला. खानापूरकडच्या वाचकांनी तर जून ते सप्टेंबर या काळात फक्त जोडणी करावी आणि रंगकाम दिवाळीवर ढकलावे.

विमानांकडे आलो की चष्मा बदलावा लागतो. झिरो लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार बारा मीटर होता. येथे तो सतरा मिलिमीटर होतो, म्हणजे एका तळहातावर आख्खे पथक मावते. संचात तीन प्रकार आहेत : झिरो, खाली सूर मारून बॉम्ब टाकणारे 'व्हॅल' आणि टॉर्पेडो वाहणारे तीन माणसांचे 'केट'. व्हॅल आणि केट ही नावे अमेरिकेच्या बाजूने ठेवलेली आहेत. बॉम्बर विमानांना बायकांची आणि लढाऊ विमानांना पुरुषांची नावे देण्याची त्यांची पद्धत होती. झिरो हे नाव मात्र जपानी राजवंशाच्या गणनेतील २६०० व्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या हिशेबी १९४० सालच्या, शेवटच्या शून्यावरून आले. केटच्या पोटाखालील टॉर्पेडो इतका बारीक आहे की चिमट्यातून निसटून तो दोनदा फरशीवर हरवला, पण याच टॉर्पेडोची एक गोष्ट माझ्यासारख्या लाकूडकाम्याला सुखावणारी आहे. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळाजवळचे पाणी जेमतेम बारा मीटर खोल होते आणि विमानातून टाकलेला टॉर्पेडो आधी खोल बुडून मग वर येतो. तो तळाच्या चिखलात रुतू नये म्हणून जपान्यांनी त्याच्या शेपटीला लाकडी पंख जोडले, आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेच्या युद्धनौकांची रांग त्या लाकडाने फोडली.

हे जहाज फक्त दूरच्या प्रशांत महासागरात फिरले, असा समज असेल तर तोही सोडावा. एप्रिल १९४२ मध्ये अकागी आपल्या हिंदी महासागरात आली होती. ५ एप्रिलला तिच्या ताफ्यातील विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, ९ तारखेला त्रिंकोमालीवर, आणि त्याच दिवशी ब्रिटिशांची 'हर्मिस' ही विमानवाहू नौका बुडवली. दरम्यान ६ एप्रिलला दुसऱ्या एका जपानी पथकाच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. आमच्या भागात घराघरांतून ऐकू येणारे दुसरे महायुद्ध मराठा पलटणीचे, म्हणजे आफ्रिकेचे आणि इटलीचे असते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, तेही इटलीतच. आमच्या सांबऱ्याच्या धावपट्टीची सुरुवात मात्र १९४२ च्या त्याच धामधुमीतील आहे, हे बंगळूरच्या विमानासाठी तिथे बसणाऱ्या किती जणांच्या लक्षात असेल, कोण जाणे.

डब्यावरील चित्रात उड्डाणपट्टी विमानांनी गच्च भरलेली आहे, पंखाला पंख लागले आहेत, आणि माहितीपत्रकही तशीच मांडणी सुचवते. येथे माझा आणि संच बनवणाऱ्यांचा मतभेद आहे. पट्टीच्या पुढच्या टोकावर जो मोठा लाल गोल चिकटवायला दिला आहे, तो मिडवेच्या, म्हणजे प्रशांत महासागरातील अमेरिकी बेटाजवळच्या, लढाईतील आहे. आपल्याच वैमानिकांना आपले जहाज ओळखता यावे म्हणून तो रंगवलेला होता. म्हणजे ही प्रतिकृती ४ जून १९४२ ची आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे हवाई नेतृत्व करणारे मित्सुओ फुचिदा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे त्या दिवशी अकागीवरच अडकून पडले होते. प्रतिहल्ल्याची विमाने पट्टीवर सज्ज होती आणि पाच मिनिटे आणखी मिळाली असती तर सगळी उडाली असती, ही त्यांनी युद्धानंतर सांगितलेली हकीकत अनेक वर्षे प्रमाण मानली गेली. नंतर जपानी नोंदी नीट तपासल्यावर ती टिकली नाही. सकाळभर अमेरिकी विमाने लाटेमागून लाटा करून येत होती आणि त्यांना अडवणाऱ्या झिरोंना उतरवून, इंधन व गोळ्या भरून पुन्हा वर पाठवण्यात पट्टी गुंतलेली होती. हल्ल्याची विमाने खालच्या बंद हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या दालनात, होती. ती वर आणून, रांगेत लावून, इंजिने तापवून उडवायला पाऊण तासाच्या आसपास लागत असे, आणि तेवढी उसंत कोणी दिलीच नाही. म्हणून मी माझ्या पट्टीवर फक्त तीन झिरो ठेवले आहेत. पाहणाऱ्याला ती ओकीबोकी वाटते, पण बरोबर तीच आहे.

ती उसंत न देणाऱ्यांत 'हॉर्नेट' या अमेरिकी विमानवाहू नौकेचे आठवे टॉर्पेडो पथक होते. पंधरा विमाने लढाऊ विमानांच्या संरक्षणाशिवाय, पाण्याला लागून, सरळ चालून आली आणि पंधराही पडली. तीस माणसांपैकी जॉर्ज गे हा एकच वाचला आणि लढाईचा उरलेला भाग त्याने समुद्रात तरंगत पाहिला. एकही टॉर्पेडो लागला नाही.

सुमारे दहा वाजून पंचवीस मिनिटांनी 'एंटरप्राइझ' या दुसऱ्या अमेरिकी नौकेची डाँटलेस विमाने उंचावरून सूर मारत आली. त्यांतील बहुतेक सगळी अकागीसोबतच्या 'कागा' या जपानी विमानवाहू नौकेवर तुटून पडली. गोंधळ ओळखून रिचर्ड बेस्ट या पथकप्रमुखाने ऐनवेळी आपला सूर मोडला आणि फक्त दोन सोबती घेऊन अकागीकडे वळला. तीन विमाने, तीन बॉम्ब. त्यांपैकी एकच, हजार पौंडांचा, नेमका लागला, तो विमाने वर-खाली नेणाऱ्या मधल्या लिफ्टच्या कडेशी. आणि जहाजाच्या मागच्या भागाशी पाण्यात पडलेल्या दुसऱ्याने सुकाणू निकामी केले.

हे सर्व वाचल्यानंतर मी कात्रीच्या टोकाने ती मधली लिफ्ट कापून खाली बसवली, म्हणजे आतला हँगर दिसावा. आत काहीच नव्हते. पांढऱ्या प्लास्टिकचा पोकळ खोका आणि तळाला टेकू म्हणून दिलेल्या दोन पट्ट्या. शेजारी राहणारे निवृत्त सुभेदार साहेब अधूनमधून चहाला येतात. त्या संध्याकाळी ते बराच वेळ त्या भोकात डोकावत बसले.

"मिस्त्री, एवढं मोठं जहाज एका बॉम्बनं जातंय व्हय?" त्यांनी विचारले.

"गेलं खरं," मी म्हणालो.

"बॉम्बचं राहू दे. कोठारातून बाहेर काढलेला दारूगोळा किती वेळ उघडा पडला होता, तेवढं सांगा."

पलटणीत उमेदवारी केलेल्या माणसाने एका वाक्यात नेमकी जागा दाखवली. सकाळी सव्वासातच्या सुमारास जपानी ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल नागुमो यांनी राखीव विमानांचे टॉर्पेडो उतरवून, मिडवेच्या बेटावर टाकण्यासाठी बॉम्ब लावण्याचा हुकूम दिला. अर्ध्या तासात टेहळणी विमानाने अमेरिकी जहाजे दिसल्याचे कळवले आणि हुकूम फिरला : पुन्हा टॉर्पेडो. या अदलाबदलीत उतरवलेले बॉम्ब खाली कोठारात पोहोचवायला वेळ नव्हता. ते हँगरमध्येच बाजूला राहिले. विमानांच्या टाक्यांत पेट्रोल होते. भोवती चारही बाजूंनी बंद पोलादी भिंती होत्या. अमेरिकी जहाजांचे हँगर बाजूंनी उघडता येत असत, त्यामुळे स्फोटाचा जोर आणि पेट्रोलची वाफ बाहेर जाई आणि जळते सामान समुद्रात ढकलता येई. येथे भट्टीचे दार लावून घेतल्यासारखी गत झाली. फाउंड्रीत ओल राहिलेल्या साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला तर काय होते, ते मी एकदा दहा फुटांवरून पाहिले आहे. कोंडलेल्या वाफेला वाट मिळाली नाही की ती स्वतः वाट करते. हजार पौंडांच्या बॉम्बने आग लावली, जहाज मात्र त्याच्याच पोटातील मालाने खाल्ले.

त्याच दुपारी हिर्यूच्या विमानांचे तीन बॉम्ब 'यॉर्कटाउन' या अमेरिकी विमानवाहू नौकेला लागले, तरी ती काही वेळाने पुन्हा चालू लागली. तिच्या यंत्रकामगारांपैकी एका अधिकाऱ्याने सुचवल्यावरून पेट्रोलच्या नळ्या आधीच रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवला होता. ॲडमिरलांच्या गोष्टींत अशा माणसाला सहसा जागा मिळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. यॉर्कटाउनही अखेर पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी ७ जूनला बुडाली. अकागी रात्रभर जळत राहिली आणि ५ जूनच्या पहाटे जपानी विनाशिकांनीच टॉर्पेडो मारून तिला बुडवले. तिच्यावरील २६७ माणसे गेली, कागावरील ८११. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पाच किलोमीटरहून अधिक खोलीवर दोन्ही जहाजांचे अवशेष सापडले.

यावरून संचाविषयीचे माझे मत तयार झाले. जहाजाची कातडी यापेक्षा चांगली क्वचितच कोणी करून देईल. परंतु ज्या दोन गोष्टींनी जहाज गेले, त्यांतील एकही डब्यात नाही. हँगर नाही, आणि प्रतिकृती पाण्याच्या रेषेपर्यंतच असल्यामुळे सुकाणूही नाही. हा आकार लहान असल्याचा नाइलाज आहे, हे मला मान्य आहे. तरीसुद्धा लिफ्ट उघडी ठेवण्याचा पर्याय आणि तिच्याखाली हँगरचा एक तुकडा एवढे देणे साचेकाराला अवघड नव्हते. चार जादा भिंती आणि एक फरशी, मी हिशेब केला आहे. माहितीपत्रकात जपानी आणि इंग्रजीत फक्त भागांचे क्रमांक व रंगांचे संकेत आहेत, जहाजाविषयी जेमतेम सहा ओळी आहेत आणि मिडवे हे नाव त्यांत एकदाच येते.

पहिल्यांदाच असे काम करणाऱ्याने या संचाच्या वाटेला जाऊ नये; साडेतीनशेच्या आसपास भाग आहेत आणि त्यांतील निम्मे नखापेक्षा लहान. शाळकरी मुलांना घेऊन देणार असाल तर आधी त्याच काळातील एखादे १/७२ चे झिरो द्यावे, त्यावर हात बसेल. ज्यांना कानस, ब्लेड आणि धीर यांची सवय आहे, त्यांनी डबा तपासून जरूर घ्यावा. पैशाचा मोबदला मिळतो.

संच जोडून झाला, तरी माझे काम अजून संपलेले नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या पत्र्यातून मधल्या लिफ्टखालचा हँगर मी स्वतः बसवतो आहे. फरशी झाली, दोन भिंती उभ्या राहिल्या आहेत. पंख दुमडलेले तीन केट कापून तयार आहेत. त्यांचे टॉर्पेडो गाडीवर ठेवायचे की विमानाखाली लावून टाकायचे, यावरून सुभेदार साहेबांचे आणि माझे गेल्या रविवारपासून अडले आहे.